शेजारी शेजारी विंडोज आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. म्हणून चांगला चालणारा संगणक भंगारात काढू नका. विंडोज तसंच ठेवून शेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही लिनक्स प्रणाली बसवता येते, तेही फुकट. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. यात आळस नकोच. मग विंडोजमधूनच पन्नासेक जीबी जागा मोकळी करा आणि ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. लिनक्स बसवल्यावर, संगणक सुरू होताना कोणती प्रणाली हवी, ते ‘ग्रब’ हा प्रोग्राम विचारतो. लिनक्समधून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर घाबरू नका. संगणकाच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज ती भारतीय समजून वाचतं. लिनक्सलाही त्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवायला लावलं, की दोघांचं जमतं.