वर्षाची ज्वारी आधी घरात

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलून झाले, कर्जावर बोलून झाले. मला घरातल्या साठवणुकीवर बोलायला सांगितले आहे. विषय ऐकून मागच्या रांगेतले काही जण तंबाखू मळायला उठले आहेत. त्यांनी बसावे. हाही हिशेबाचाच विषय आहे.

पाच माणसांचे घर धरा. दोन वेळची भाकरी. दिवसाला दीड किलो ज्वारी सहज लागते. म्हणजे महिन्याला ४५ किलो आणि वर्षाला साडेपाच क्विंटल. आता खळे झाल्यावर आपण काय करतो ते आठवा. देणेकरी दारात उभा असतो, म्हणून पोती आधी बाजारात जातात आणि उरेल ते घरात येते. मग आषाढ-श्रावणात कोठीचा तळ दिसतो. हातातला पैसा पेरणीत गेलेला असतो आणि तीच ज्वारी आपण दुकानातून उधारीवर आणतो. समजा तीन क्विंटल ज्वारी २,५०० रुपयांनी विकली आणि पुढे तेवढीच ३,५०० रुपयांनी घेतली. तीन हजार रुपये गेले. हमाली, गाडीभाडे आणि उधारीवर चढवलेला भाव निराळा.

कुणी म्हणेल, रेशन मिळते की. मिळते. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. पण प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे पाच माणसांना २५ किलो. वर आपल्याला लागते ती ज्वारी, आणि पदरात पडतो बहुतेक गहू-तांदूळ.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की वर्षाची ज्वारी आधी मोजून घरात घ्या आणि मग गाडी भरा. किती लागेल हे घरातल्या बाईला विचारा. कृषी पदवीधराला विचारू नका. पीठ रोज तीच मळते, पाव्हणेरावळे तिच्या हिशेबात असतात.

आता ठेवायची कशी? इथे मात्र मी शिकलेले थोडे उपयोगी पडेल. धान्याचा पहिला शत्रू ओल. सोंडा तिच्या मागून येतो. ज्वारीत दहा-बारा टक्क्यांहून जास्त ओल नको. दहाच्या खाली गेली तर सोंड्याची वाढच खुंटते. ओल मोजायचे यंत्र आपल्याकडे नसते, पण दात आहेत. दाणा दाताखाली धरा. कट्‌ आवाज करून फुटला तर वाळला, चेपला तर पुन्हा उन्हात घाला. दुसरी परीक्षा मिठाची. कोरडी काचेची बाटली घ्या, त्यात मूठभर कोरडे मीठ आणि तीन-चार मुठी ज्वारी घालून चांगली हलवा. थोडा वेळ ठेवून पाहा. मीठ काचेला चिकटले तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. मीठ मोकळे राहिले म्हणजे मात्र काम संपले असे समजू नका. दाताची परीक्षा आहेच.

वाळवलेले धान्य तापलेले असतानाच कोठीत ओतू नका. दिवसभर उन्हात तापलेले दाणे संध्याकाळी पत्र्याच्या कोठीत बंद केले की रात्री पत्रा गार पडतो, आतून घाम धरतो आणि वरचा थर बुरसतो. रात्रभर घरात पसरून निवू द्या, सकाळी भरा. खरिपाची ज्वारी उशिराच्या पावसात सापडून काळी पडली असेल तर ती आधीच निवडून वेगळी काढा. चार काळ्या कणसांसाठी चांगली पोती नासवू नयेत, आणि बुरशी धरलेला दाणा माणसाच्या ताटात तर नकोच.

जुने बारदान तसेच वापरू नका. मागच्या वर्षीचे सोंडे त्याच्या शिवणीत बसलेले असतात. उकळत्या पाण्यातून काढा, कडक उन्हात वाळवा. एक मादी दोनशे-तीनशे अंडी घालते आणि महिना-सव्वा महिन्यात पुढची पिढी बाहेर पडते. सुगीत राहिलेली दहा माद्यांची वस्ती दिवाळीपर्यंत कुठे जाते ते तुम्हीच मोजा. साडेपाच क्विंटलमधली दहा टक्के जरी तिने खाल्ली तरी ५५ किलो गेले. घराची सव्वा महिन्याची भाकरी ती.

पोती भिंतीला टेकवू नका, फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. कणगी असेल तर शेणामातीने लिंपून पूर्ण वाळू द्या. आपल्या आज्यांच्या पेवाची करामत अशी होती की तोंड लिंपले की आत हवा संपायची आणि कीड गुदमरायची. म्हणूनच पेव उघडल्यावर आधी दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर माणूस उतरत नसे. आजही पत्र्याच्या कोठीचे झाकण घट्ट असेल, फटीला माती किंवा चिकटपट्टी लावली असेल, तर तेच काम होते. मात्र दर चार दिवसांनी उघडाल तर हवा आत जाणारच. महिन्याची ज्वारी एकदाच काढून डब्यात घ्या.

कडुनिंबाच्या पाल्याबद्दल नेहमी विचारतात. घाला, पण सावलीत वाळवलेला. हिरवा पाला घातला तर आपणच धान्याला ओल दिली. एकट्या पाल्यावर भरवसा ठेवण्याइतका त्याचा जोर मला दिसलेला नाही. बोरिक पावडर खायच्या धान्यात मिसळू नका. आणि पोत्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या राहत्या घरात आणूच नका. त्यांतून निघणाऱ्या वायूवर उतारा नाही. गोदामवाल्यांचे काम ते गोदामवाल्यांनी करावे.

तुरीचे गणित निराळे आहे. तिचा भुंगेरा शेतात असतानाच शेंगेवर अंडी घालतो, म्हणजे तूर घरी येते ती कीड घेऊनच. म्हणून खाण्यापुरती तूर लवकर भरडून डाळ करा. डाळीला हा भुंगेरा फारसा लागत नाही. अख्खी ठेवायची असेल तर किलोला चहाचा एक-दीड चमचा गोडेतेल किंवा एरंडेल चोळा, वर चार बोटे कोरडी राख किंवा वाळू पसरा.

पीठ आठवड्यापुरतेच दळा. शिळ्या पिठाची भाकरी थापताना तुटते आणि चवीला कडवट लागते. उरलेले जनावरापुढे जाते.

आता कापसाकडे येतो, कारण घरात जागा तोच अडवतो. भावाची वाट पाहत पाहत तो चुलीपर्यंत येतो. त्यात कीड होते, पोरांच्या अंगाला खाज सुटते, आणि ठिणगीचे भय वेगळेच. ठेवायचाच तर चुलीपासून आणि कोठीपासून दूर, वेगळ्या खोलीत. पऱ्हाटीही तशीच. जळणासाठी घराशेजारी रचलेल्या ढिगातल्या वाळक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी सुस्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा शेतात जाते. २०१७ साली तिने काय केले ते इथे सांगायला नको. ज्या पऱ्हाटीवर बोंडे आहेत ती पहिल्यांदा जाळा, पेरणीपूर्वी ढीग संपवा.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. ती शेतात गेली, पण विष आपल्या घरातही असते. औषधाची बाटली तेल-मिठाच्या फळीवर, रिकामा डबा पाणी काढायला. हे अनेक घरांत मी पाहिले आहे. औषध कुलपात ठेवा, रिकाम्या डब्याला भोक पाडा. रंग लावलेले उरलेले बियाणे चुकून दळणात जाता कामा नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येक घरातून एक कागद आणा. कोठीत किती किलो भरली, महिन्याला किती काढली, कीड केव्हा दिसली. बाईने सांगावे, लिहिणाऱ्याने लिहावे. तालुक्यातून पन्नास कागद जमले तर मग भावाच्या बैठकीत किती ज्वारी विकायला मोकळी आहे हे आपण अंदाजाने नाही, आकड्याने बोलू. आता चहा आला आहे.