करडईचे पोते आणि पामतेलाचा डबा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा कोणीतरी सांगितले, "घाण्याचे तेल बंद करा, त्यात कोलेस्टेरॉल असते." मी शेतकीचा पदवीधर, शेजारीच उभा होतो आणि गप्प बसलो. घरातली करडई आडतीवर घातली आणि त्याच पैशातून 'कोलेस्टेरॉलमुक्त' छापलेला पामतेलाचा डबा आणला. शहाणपणा माझा, म्हणून बोलायचे तेही मीच.

कोलेस्टेरॉल तुपात असते, अंड्यात असते, मटणात असते. शेंगदाणा, करडई, तीळ, पाम, कोणत्याच झाडाच्या तेलात ते नावापुरतेही सापडत नाही म्हटले तरी चालेल. डब्यावर तसे छापणे म्हणजे ज्वारीच्या पोत्यावर 'यात हाडे नाहीत' असे लिहिणे.

मग तेलातेलात फरक कसला? आपल्या रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतच तयार करते, आणि त्यातले वाईट, ज्याला डॉक्टर एलडीएल म्हणतात, ते रक्तातून ओढून घेण्याचे कामही यकृतच करते. संपृक्त चरबी, म्हणजे थंडीत थिजणारी, पोटात जास्त गेली की ही ओढ मंदावते. पामतेलात ती जवळजवळ निम्मी. करडईत १० टक्क्यांच्या आसपास, आणि पाऊण भाग लिनोलिक आम्ल. थिजणाऱ्या चरबीच्या जागी ते खाल्ले तर एलडीएल उतरते.

दुसरी गंमत स्टेरॉलची. हे झाडाचे पदार्थ दिसायला कोलेस्टेरॉलचे चुलतभाऊ. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात ना, तसे हे आतड्यात जागा अडवतात. कोलेस्टेरॉल उभेच राहते आणि शौचावाटे बाहेर पडते. रुमालवालेही फारसे आत जात नाहीत. रोज २ ग्रॅम स्टेरॉल पोटात गेले तर एलडीएल ८ ते १० टक्के उतरते. पण एवढे नुसत्या फोडणीतून मिळत नाही, आणि रिफाइन करताना त्यातलेही काही निघून जाते.

वनस्पती तुपाचे तर बोलूच नका. त्यातल्या ट्रान्स चरबीने वाईट वाढते, चांगले घटते. २०२२ पासून कायद्याने २ टक्क्यांची मर्यादा घातली, तोवर आपल्या किती लग्नांच्या पंगती उठल्या!

आता करडईवाल्यांनी टाळ्या वाजवण्याआधी हेही ऐका. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराच्या रोग्यांना करडईचे तेल आणि त्याचेच मार्गारीन दिले. कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू जास्त झाले. पूर्ण हिशेब बाहेर आला २०१३ साली. मार्गारीनमधल्या ट्रान्स चरबीचा त्यात हात होता का, यावर जाणकारांत वाद आहे. तेव्हा गोळीच्या जागी तेल घेऊ नका. आणि बायांनो, करडई झाली तरी माणशी महिन्याला अर्ध्या किलोच्या आसपासच.

वडील गोळ्या घेत राहिले. पामतेलाचा डबा संपल्यावर मी दोन पोती करडई घाण्यावर नेली. पेंड बैलांना घातली. वडिलांनी पहिल्या घासालाच विचारले, "आडत्याने परत दिली का रे?"