गाठीतली दुसरी गाठ

सातारा-सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पॅथॉलॉजिस्ट, सर्जन आणि कर्करोगतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो,

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. जत-आटपाडीपासून माण-खटावपर्यंतचे पेशंट आजही मिरज नाहीतर कराड गाठतात.

या परिषदेसाठी आम्ही मुद्दाम दुर्मिळ विषय निवडला आहे : एका कॅन्सरचं दुसऱ्या गाठीत जाऊन रुजणं. पसरणारा कॅन्सर बहुधा फुप्फुसाचा किंवा स्तनाचा असतो. त्याला जागा देणाऱ्या कर्करोगी गाठींत मूत्रपिंडाचा कॅन्सर आघाडीवर, तर साध्या गाठींत मेंदूच्या आवरणाचा मेनिंजिओमा.

स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून कॅन्सरची पेशी हे बी आणि ती रुजते तो अवयव ही जमीन, असा विचार मांडला. वाळव्याच्या काळ्या रानातला ऊस जतच्या माळावर तसा येत नाही, हे इथे कुणाला सांगायला नको. मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, पेशींत चरबी आणि ग्लायकोजेन साठलेलं असतं. बाहेरून आलेल्या पेशींना ते मानवत असावं.

कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये निकष घालून दिले. दोन स्वतंत्र गाठी हव्यात. शेजारी वाढून एकमेकींना भिडलेल्या चालत नाहीत, रक्तवाहिनीत अडकलेल्या चार पेशीही नाहीत. आत रुजून वाढलेलंच धरायचं. निकष स्पष्ट आहेत, पण मोठ्या गाठीतून आपण मोजकेच तुकडे घेतो. एक कोपरा सुटला, की रिपोर्ट किडनीपुरताच जातो आणि फुप्फुसाचा कॅन्सर पसरल्याचं सर्जनला कळतच नाही. स्टेज बदलते, औषध बदलतं, घरच्यांना काय सांगायचं तेही बदलतं. शंका आली तर टीटीएफ-१ आणि पॅक्स-८ या चाचण्या पेशी फुप्फुसाच्या की किडनीच्या, याचा पुष्कळ उलगडा करतात. पण शंका आधी यायला हवी ना!

ती येते जुन्या माहितीतून. फॉर्मवर ‘किडनीची गाठ’ एवढंच लिहून येतं. काही वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालं होतं, ही ओळ पेशंटच्या पिशवीतल्या फाइलमध्येच राहते. सर्जन मित्रांनो, ती ओळ लिहाच, ही माझी कळकळीची विनंती. आणि लॅबवाल्यांनो, दुसऱ्या गावच्या सहकाऱ्याने जुने ब्लॉक मागितले तर अडवू नका.

शेजारच्या दालनात मायक्रोस्कोप मांडले आहेत. स्लाइड आणल्या असतील त्यांनी पहिल्या सत्राआधी, रुग्णाचं नाव झाकून आणि जुना रिपोर्ट जोडून, तिथे द्याव्यात.