चित्र झालं, आता फिल्टर जपून



दिवाळीआधी आमच्या गटाच्या हळदीच्या पाकिटासाठी गटातल्याच एका मुलीने मोबाइलवर सुरेख चित्र काढलं. मग आम्ही सगळ्याजणी त्याला फिल्टर लावत बसलो. पडद्यावर चित्र झळाळलं; पण छापून आलं तेव्हा पिवळा रंग मळकट आणि वजन-तारखेची अक्षरं पुसट! दोनशे स्टिकर वाया गेले. पैसे बचतीतले होते, म्हणून जास्त लागलं.

त्यातून शिकलेलं सांगते. आयबिस पेंटसारख्या ॲपमध्ये फिल्टर निवडलेल्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या त्या थरावरच चालतो. म्हणून आधी चित्राची प्रत करा. मूळ चित्र तसंच राहू द्या. प्रतीवर ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट थोडाच वाढवा. मागचा देखावा वेगळ्या लेयरवर असेल, तर फक्त त्यालाच हलका ब्लर लावा. देखावा धूसर झाला की पुढचं हळकुंड उठून दिसतं. कडा रेखीव करणारा शार्पन सगळ्यात शेवटी. तो जास्त झाला की कडेला पांढरट रेघ उमटते. भाजीत मीठ घालतो तसं, थोडं घालून बघायचं. अक्षरं मात्र वेगळ्या लेयरवर, बिनफिल्टरची.

मोबाइल उजेडाने रंग दाखवतो, छपाईच्या शाईला तो उजेड नसतो. म्हणून आधी एकच स्टिकर छापून घ्या आणि दिवसाच्या उजेडात बघा. बैठकीत सगळ्यांना पसंत पडला, की मगच बाकीची छपाई.