मखर, शोकेस आणि गेमचं कपाट : दिवे लावताना
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला दहाच मिनिटं दिली आहेत. विषय साधा आहे : बंद खोक्यात दिवे कसे लावायचे. खोकं म्हणजे गणपतीचं मखर, हॉलमधलं शोकेस, आणि आपल्या मुलांनी क्लबरूमसाठी जुना मॉनिटर नि प्लायवूड घेऊन बनवायला घेतलेलं व्हिडिओ गेमचं कपाट. त्यात रंगीत दिवे हवेतच, असा मुलांचा हट्ट आहे. 'नको ती भानगड' असंही काहींचं मत आहे. मी म्हणतो, लावू द्या, पण नीट लावू द्या.

हे मी तज्ज्ञ म्हणून नाही, चूक केलेला माणूस म्हणून सांगतोय. काही वर्षांपूर्वी गणपतीत मी एलईडीची पाच मीटर पट्टी आणली आणि घरात पडलेला एक अडॅप्टर तिला जोडला. अडॅप्टर दिसायला नको म्हणून मखरामागे मखमलीच्या कापडात खोचून दिला. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आमच्या सौ. पाणी प्यायला उठल्या, तेव्हा त्यांना जळका वास आला. अडॅप्टरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं, कापडावर तपकिरी डाग उमटला होता. आई म्हणाली, "बाप्पानंच वाचवलं रे." बाप्पानं वाचवलं हे खरं, पण जाळायची तयारी मी केली होती.

चूक कुठे झाली? हिशेब बघा. पट्टी मीटरला 7.2 वॅटची, म्हणजे पाच मीटरला 36 वॅट. 12 व्होल्टवर हे होतात 3 अँपिअर. माझा अडॅप्टर होता 2 अँपिअरचा. बैल एक, ओझं दीड बैलाचं, आणि वरून पांघरूण! अडॅप्टर नेहमी गरजेपेक्षा मोठा घ्यावा. 36 वॅटला 48 किंवा 60 वॅटचा बरा. त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. 'बीआयएस केअर' ॲपवर तो क्रमांक टाकून तपासता येतो.

"आमच्याकडे एमसीबी आहे ना," असं बरेच जण म्हणतात. अहो, 36 वॅटची पट्टी 230 व्होल्टच्या बाजूला जेमतेम पाव अँपिअर घेते. 6 किंवा 10 अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी शॉकपासून वाचवतो, तो हवाच, पण ढिल्या सांध्याची गरमी त्याला कळत नाही. म्हणून 12 व्होल्टच्या वायरवर अडॅप्टरजवळ 4 अँपिअरचा छोटा फ्यूज टाका. खर्च किरकोळ आहे.

12 व्होल्टला शॉकची भीती फारशी नाही, म्हणून मुलांचा हात लागेल तिथे हीच पट्टी वापरावी. सरळ 230 व्होल्टवर चालणारी दिव्यांची दोरी कपाटात नको. पट्टी कापायची तर कात्रीच्या खुणेवरच. सांधा पिळून चिकटपट्टी गुंडाळायची नाही, डाग द्यायचा आणि त्यावर स्लीव्ह चढवायची. वायर प्लायवूडच्या भोकातून जाते तिथे रबरी बुश हवा, नाहीतर कड वायर खाते.

आणि हवा! 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात बंदी आहे, ते चांगलंच झालं. पण त्याजागी आलेले पुठ्ठा, कागद, कापड हेही पेटणारेच. गेमच्या कपाटात तर मॉनिटरचीही उष्णता असते, आणि आपल्या संभाजीनगरचा मे महिना मी तुम्हाला काय सांगावा! पाठीमागे खाली आणि वर जाळी ठेवा, म्हणजे गार हवा खालून शिरेल आणि गरम वरून निघेल. अडॅप्टर कपाटाबाहेर, भिंतीवर, उघडा राहू द्या. दिसला तर दिसू दे.

पहिल्या दिवशी चार तास चालू ठेवून अडॅप्टरला हाताची उलटी बाजू लावून बघा. हात ठेववत नसेल तर बंद करा आणि हिशेब पुन्हा मांडा.

जाता जाता एकच सांगतो. आपण नंदादीप लावतो तेव्हा तो ताटात ठेवतो, पडद्यापासून लांब ठेवतो, रात्री उठून बघतो, कारण ज्योत डोळ्यांना दिसते. एलईडीची ज्योत दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त झोपतो. तिलाही नंदादीपाइतकाच मान द्या. मुलांच्या कपाटाचं एकच मोठं बटण दाराशी असेल आणि शेवटी बाहेर पडणारा ते बंद करेल, एवढी अट कार्यकारिणीनं घालावी. पहिल्या दिवशीचे चार तास मी स्वतः तिथे खुर्ची टाकून बसेन. मुलांनी मला एखादा डाव खेळू दिला तर वेळही बरा जाईल.