मज्जारज्जूवरील व्रण आणि एमआरआय
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मधुमेह व रक्तदाब यांविषयी या व्यासपीठावरून आपण पुष्कळ ऐकले आहे. आज आम्ही फारसा परिचित नसलेला, पण ऐन तारुण्यात गाठणारा विकार निवडला आहे. 'मल्टिपल स्क्लेरोसिस' हे त्याचे नाव. १८६८ साली पॅरिस येथे शार्को या धन्वंतरींनी त्याचे सविस्तर वर्णन केले. शरीराची संरक्षक यंत्रणाच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते आणि मेंदूत व मज्जारज्जूत जागोजागी व्रण पडतात. वीस ते चाळीस या वयात, व पुरुषांहून स्त्रियांत, तो अधिक आढळतो.

पायांस मुंग्या येणे, कमरेभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटणे, मान पुढे वाकविताच पाठीतून वीज सळसळणे, लघवीवरील ताबा जाणे ही मज्जारज्जूच्या व्रणांची लक्षणे होत. काही आठवड्यांत ती ओसरतातही, आणि घरची मंडळी 'अशक्तपणा होता, गेला' म्हणून निश्चिंत होतात. लेकीला निदान अशक्तपणा तरी मिळतो. सुनेच्या वाट्याला 'कामाचा कंटाळा' हे निदान येते!

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने चित्र उमटते. १९८१ साली लंडनमध्ये या यंत्राने मेंदूतील असे व्रण दाखविले गेले. मज्जारज्जूचे चित्र मात्र अवघड. जाडी करंगळीएवढी, आणि श्वास, नाडी व आवंढा यांनी चित्र पुसट होते. तरीही त्याचे मोल मोठे आहे. मेंदूत पांढरे ठिपके वाढत्या वयानेही दिसतात. मज्जारज्जूत निव्वळ वयाने ते सहसा पडत नाहीत. म्हणूनच २०१७ च्या मॅक्डोनल्ड निकषांत व्रणांच्या चार स्थानांपैकी एक मज्जारज्जूचे होते.

व्रणाची लांबीही बोलकी असते. या विकारातील व्रण बहुधा मानेच्या भागात, कडेला व दोन मणक्यांहून आखूड असतो. तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब असल्यास 'न्यूरोमायलायटिस ऑप्टिका' या निराळ्या विकाराची शंका घ्यावी लागते. पहिल्या विकारावरील काही औषधे दुसऱ्यास अपायकारक ठरतात; तेथे घाई नको. शिवाय आपल्यातील शाकाहारी कुटुंबांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीवही मज्जारज्जूस इजा करते. तिचा शोध रक्ततपासणीने घेता येतो.

तेव्हा वरील लक्षणे असता केवळ मेंदूचे चित्र निर्दोष आले म्हणून थांबू नये. मज्जारज्जूचेही चित्र हवे काय, हे तज्ज्ञांस विचारावे. जुनी चित्रे जपून सोबत न्यावीत, आणि हृदयात पेसमेकर वा शरीरात धातू असल्यास यंत्रात शिरण्यापूर्वीच तसे सांगावे.