चला, श्रीहरिकोटाला!

2 एप्रिल 2022. गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेने सरकताना दिसले आणि लोक अंगणात धावले. परतणाऱ्या एका अग्निबाणाचे ते अवशेष होते. त्यातली धातूची मोठी कडी चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत पडली. पण अग्निबाण बघायचा, तर तो उडतानाच!

त्यासाठी यवतमाळकरांनी वर्ध्याहून चेन्नईची गाडी धरावी आणि तिथून लोकलने सुलुरुपेटा गाठावं. पुढे पुलिकत सरोवरातून जाणारा रस्ता श्रीहरिकोटाला पोहोचवतो. इस्रोने तिथल्या आपल्या प्रक्षेपण केंद्रात 2019 मध्ये सर्वसामान्यांसाठी प्रेक्षक सज्जा उघडला. नोंदणी इस्रोच्या संकेतस्थळावर होते, पण जागा भराभर संपतात. ओळखपत्र विसरू नका.

उलटगणती शून्यावर येते, झाडांमागून झगझगीत ज्वाळा वर चढते, आणि आवाज मात्र नाही! प्रकाश क्षणात पोहोचतो. आवाजाला एक किलोमीटर कापायलाच सुमारे तीन सेकंद लागतात. मग गडगडाट येतो आणि छातीत घुमतो. टीव्हीवर हे कधीच कळत नाही. चांद्रयान-3 घेऊन 14 जुलै 2023 रोजी दुपारी 2 वाजून 35 मिनिटांनी निघालेलं एलव्हीएम-3 यान सुमारे 640 टनांचं होतं. एवढं वजन डोळ्यांदेखत उचललं जातं, तेव्हा अनोळखी माणसंही एकमेकांचे हात धरून ओरडतात.

मुलांना जरूर न्या. हवामान बिघडलं तर उड्डाण पुढे ढकललं जातं, म्हणून परतीचं तिकीट एक-दोन दिवस राखूनच काढा.